सी ड्राइव्ह कुठे गेला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोफत नियमित अपडेट थांबवली आणि धडधाकट चालणारे कितीतरी संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा-मॉड्यूल लागतं. ते नसेल तर यंत्र कितीही गुणी असो, प्रवेश नाही. मग घरातला एखादा उत्साही भाचा येतो, पेनड्राइव्ह लावतो, लिनक्स टाकतो आणि चहा पिऊन निघून जातो.

मागे राहिलेले मामा सी ड्राइव्ह शोधत बसतात. तो सापडत नाही, कारण तो नाहीच. इथे सगळा संसार एका तिरक्या रेघेपासून सुरू होतो. फाइलच्या नावातलं इंग्रजी अक्षर मोठं की लहान, एवढ्यावरून दोन वेगळ्या फायली होतात. (आधार आणि पॅनवरचं नाव जुळवून दमलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना अनेकदा पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. तो सुरक्षेचा भाग असतो, पण मामा कीबोर्ड उलटा करून झटकतात. युनिकोडपूर्व फॉन्टमधली जुनी मराठी पत्रं उघडावीत तर तो फॉन्ट नसल्याने नुसतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तेवढ्यापुरता दोष लिनक्सचा नाही, आपल्या फॉन्टवाल्यांचा आहे.

मदत मागायचीच असेल तर एकाच लिनक्सवाल्याला विचारा. दोघांना विचारलंत तर ते दोन वेगळी लिनक्स सुचवतील आणि भांडण तुमच्या बैठकीत होईल.