लेक समुद्रात

ग्रूव्हिल, जर्सी
रविवार, वरण शिजेपर्यंत

ती. आई-बाबांस सा. न.

आम्ही बुडालेलो नाही. तू "समुद्रात कशाला शिरलात गं?" एवढंच विचारून रडायला लागलीस आणि बाबांनी फोन ठेवून दिला, म्हणून हे सविस्तर. फोटोत मागे दिसतोय तो सीमोर टॉवर. किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटर आत, खडकावर. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं. भरती-ओहोटीच्या पाण्यात इथे बारा मीटरपर्यंत फरक पडतो. सकाळी जिथे समुद्र, तिथे दुपारी नुसता चिखल आणि खडक. आम्ही वाटाड्याबरोबर गेलो आणि त्याने हाकलल्याबरोबर परतलो. तो फोटो "लेक समुद्रात" असं लिहून ग्रुपवर टाकायची काय गरज होती, हे काकाला विचार. आत्याने त्यावर जोडलेले हात पाठवलेत, जणू दहावा आहे.

बाबांसाठी तारखा: 6 जानेवारी 1781 च्या पहाटेआधी फ्रेंच सैन्य आमच्याच पॅरिशमध्ये ला रॉकला उतरलं आणि कोणाला पत्ता लागायच्या आत राजधानीच्या चौकात जाऊन बसलं. त्याच दिवशी लढाई होऊन ते हरले. मग 1782 मध्ये इथल्यांनी हा सीमोर बुरूज बांधला. आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी गेल्यावर दादाने शेडला कुलूप लावलं, तसंच. त्याच साली तिकडे सालबाईचा तह झाला आणि महेश्वरी अहिल्याबाई कारभार बघत होत्या. झालं समाधान?

दादाने पुन्हा लाल ट्रॅक्टर घेतला म्हणे. निळ्याला काय झालं होतं? आणि सोयाबीनची दुबार पेरणी करावी लागली, हे मला वहिनीकडून का कळावं?

आता इथला छळ. याचं नाव ब्रांशाज. रस्त्याला लागून ज्याचं कुंपण, त्याने फांद्या छाटायच्या: रस्त्यावर बारा फूट मोकळे हवेत, पायवाटेवर आठ फूट. उन्हाळ्यात एकदा, सप्टेंबरात एकदा पॅरिशचे मुखिया (त्यांना कॉनेताब्ल म्हणतात) लवाजम्यासह रस्त्यांवरून तपासत फिरतात. फांदी आडवी आली की दंड. घर भाड्याचं, कुंपण घरमालकाच्या आजोबांनी लावलेलं, आणि शिडीवर कोण? तुझे जावई. सलग तीन रविवार. खालून मी टेप धरलेली. अकरा फूट दहा इंचावर एक फांदी होती, तिच्यावरून आमचं जे भांडण झालं ते लग्नात मानपानावरून झालं नव्हतं. हातोदला आपल्या बोळात बोगनवेल मोटरसायकलवाल्यांचे गाल ओरबाडते आणि लोक वाकून पुढे जातात. त्या समजूतदार लोकांची फार आठवण आली. तपासणीची मंडळी आली, वर बघितलं, पुढे गेली. जावई तेव्हापासून रस्त्याने चालताना लोकांची कुंपणं मापत असतात.

बेट केवढं म्हणशील, तर लांबी चौदा किलोमीटर. हातोदहून राजवाड्याला निघालीस तर पोचायच्या आत हे संपेल. त्यात बारा पॅरिश. पण आमच्या एका ग्रूव्हिलमध्ये काय काय आहे! ला हूग बी नावाची टेकडी आहे, माणसांनी रचलेली, बारा मीटर उंच, सुमारे सहा हजार वर्षांची. पोटात दगडी दालन, डोक्यावर चर्चवाल्यांचं देऊळ, आणि शेजारी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी खणलेला बंकर. आला तो तिथेच काहीतरी बांधून गेला. विषुवदिनाला उगवतीचं ऊन आतल्या भिंतीपर्यंत पोचतं.

आत जायचा बोगदा अठरा मीटरांचा, कमरेत वाकून जावं लागतं. अर्ध्यात सोनू म्हणाला, "आई, इथे हातोदचा वास येतोय." चार वर्षांचा होता तो आला तेव्हा. पण खरंच येत होता गं. आपल्या पेवाचा, पावसाळ्यातला. मी वाकलेलीच होते, ते बरं झालं.

तिथेच नाण्यांची रास ठेवली आहे, आणि हे काकाला मोठ्याने वाचून दाखव. एका बाईने सांगितलं होतं की वडिलांना शेतात मडक्यात नाणी सापडली होती. तेवढ्या शब्दावर दोघे जण यंत्र घेऊन तीसेक वर्षं शोधत राहिले. 2012 मध्ये ग्रूव्हिलच्याच शेतात सापडली: सुमारे सत्तर हजार नाणी, दोन हजार वर्षांपूर्वीची, एकमेकांना चिकटून गोळा झालेली. सरकारने ती 42 लाख 50 हजार पौंडांना घेतली. तेव्हा आजोबांच्या हंड्यावरून काकाला यापुढे कोणी हसू नये. फक्त न्हाणीघराची फरशी चौथ्यांदा उकरू नये, एवढं बघ.

बाबा, गोठ्यातल्या जर्सीला तिच्या माहेरचा नमस्कार. 1789 मध्ये बाहेरच्या गाईला इथे पाऊल ठेवायला बंदी घातली होती. आम्हाला ठेवू दिलं. बटाटा मात्र इथे सोन्याच्या भावाने जातो. समुद्राकडे उतरलेल्या उभ्या चढावर लावतात, 'जर्सी रॉयल' म्हणतात, आणि एप्रिलात पहिला आला की लोक रांग लावतात. मी ओंजळभर घेतले. बिल बघून दुकानातच हिशोब केला: तेवढ्यात तुमच्याकडे अर्धं पोतं आलं असतं. चव? तुमच्या बटाट्याला पुरणाची चव नाही, एवढंच म्हणते. यांच्या बटाट्याला आहे. हे दादाला सांगू नका.

पार्सल मिळालं. शेवेचा चुरा झाला होता, तो पोह्यांवर टाकला. जिरावणाची पुडी मात्र आठवड्यात संपली, सोनू ती ऑम्लेटवर, टोस्टवर, परवा केळ्यावर घालत होता.

शिट्टी झाली. पुढच्या पार्सलात जिरावण अर्धा किलो टाक, आणि वरच्या कागदावर 'मसाला' असं स्वच्छ अक्षरात लिही. काकाला लिहायला देऊ नकोस.

तुझी,
समुद्रातली