बिनफुलाचा बगीचा

ज्या झाडाने ४० कोटी वर्षांत एक फूल म्हणून काढलं नाही, त्याला शोभेचं झाड म्हणायला छाती लागते. लिव्हरवर्टला मूळ नाही, बी नाही, आणि आपण ज्यांच्याकडे लक्ष देतो त्यांतल्या बहुतेकांना खोड-पानंही नाहीत. नुसती जमिनीला चिकटलेली हिरवी पट्टी. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांना रिक्सिया आणि मार्केंशिया ही नावं जर्नलमधल्या आकृत्यांपुरती आठवतात. बाकीच्यांच्या लेखी ते शेवाळ, आणि शेवाळ म्हणजे पाय घसरून कंबर मोडायचं साधन.

मला मात्र ती पाळायची हौस आहे. हौशीची सुरुवात ओळख पटवण्यापासून होते आणि ओळख पटवायची तर जमिनीवर उकिडवं बसावं लागतं. पावसाळ्यात मी भिंग घेऊन सोसायटीच्या भिंतीशी असा बसलो की येणारेजाणारे विचारतात, “काका, काही पडलं का?” “पडलं नाही, उगवलंय,” म्हटलं की ते लिफ्टकडे सुटतात. लाहोरच्या शिवराम कश्यपांनी १९२९ साली पश्चिम हिमालय आणि पंजाबातल्या लिव्हरवर्टांवर ग्रंथ काढला. माझी खात्री आहे, त्यांनाही वाटेत कुणीतरी हेच विचारलं असणार.

वरून बघाल तर सगळी सारखीच. खरी जात कळते पालथं घातल्यावर. प्लॅजिओकाझ्माच्या पोटाशी जांभळे खवले असतात. टार्जिओनियाच्या टोकाखाली दोन झडपांची काळी चकचकीत डबी लपलेली असते. सायथोडियम ओल्या कपारीत राहतं आणि तिरका उजेड पडला की पोपटी चमकतं. अंगावर हिरवी शिंगं उभी राहिली तर मात्र हात जोडून मागे सरावं; ते अँथोसेरॉस, ते घराणंच वेगळं. जाणत्यांचीही इथे फसगत होते. मत्स्यटाकीच्या बाजारात जगभर ‘पेलिया’ म्हणून खपलेली वनस्पती पुढे मोनोसोलेनियम निघाली. बाजाराने अर्थातच पाटी बदलायची घाई केली नाही.

पाळायला खर्च नाही, संयम लागतो. (जंगलातून खरवडून आणू नये. भिंती काय कमी आहेत?) जांभ्याचा किंवा विटेचा तुकडा, श्रीखंडाचा रिकामा डबा आणि थेट ऊन न येणारी खिडकी एवढ्यावर संसार उभा राहतो. खत नको. नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यापेक्षा पावसाचं बरं, म्हणून आमच्या घरी दोन कळश्या कायम अडकलेल्या असतात आणि त्यावरून जे बोललं जातं ते इथे छापण्यासारखं नाही. झाकण रोज थोडा वेळ उघडावं, नाहीतर बुरशी आपला डबा समजून राहायला येते.

मार्केंशियाचा थाट जवळून बघावा. पट्टीच्या पाठीवर दातेरी काठाच्या इवल्या वाट्या असतात, आणि वाटीत बारीक हिरव्या चकत्या. ड्रॉपरने एक थेंब नेमका वाटीत सोडला की चकत्या उडतात आणि जिथे पडतील तिथे नवं रोप धरतात. आमच्याकडे त्या बायकोच्या ऑर्किडच्या कुंडीत पडल्या. नर्सरीवाले हिला तण म्हणून शिव्या का घालतात ते मला त्या संध्याकाळी सविस्तर ऐकायला मिळालं.

प्लॅजिओकाझ्मा त्या मानाने सोशिक. एप्रिलमध्ये ते कडा आत वळवून काळंठिक्कर पडतं. घरात “गेलं एकदाचं” असा सुटकेचा सूर लागतो. मग मी चार थेंब शिंपडतो आणि ते सावकाश उलगडून पुन्हा हिरवं होतं. हा प्रयोग मी पाहुण्यांना करून दाखवतो. पाहुणे हल्ली एप्रिलमध्ये येत नाहीत.

यंदा आमच्या सेक्रेटरींनी मत्स्यटाकी घेतली आणि मला आवर्जून बोलावलं. आत दगडाला जाळीने बांधलेली रिक्सिया, तिच्या टोकांवर प्राणवायूचे बुडबुडे. खरं तर ती पाण्यावर तरंगणारी. तिला दगडाला बांधून बुडवायची युक्ती ताकाशी अमानो या जपानी कलावंताने गाजवली.

“इंपोर्टेड आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “एवढ्याशा तुकड्याचे साडेतीनशे.”

“हिची चुलत बहीण पंपहाऊसमागे होती,” मी म्हटलं. “तुम्ही गेल्या रविवारी उभं राहून तारेच्या ब्रशने घासून घेतलीत. वर ब्लीचिंग पावडर.”

ते बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. मला वाटलं, गृहस्थ हळहळतोय.

“साधारण किती स्क्वेअर फूट असेल हो?” त्यांनी विचारलं.