दुसऱ्या भागाचा चाहता

दुसऱ्या भागाचा चाहता हा सिनेमाच्या प्रेक्षकांमधला एक वेगळा वर्ग आहे. साधा प्रेक्षक सिनेमा बघतो, आवडला तर दोघाचौघांना सांगतो आणि घरी जाऊन जेवतो. चाहता सिनेमा संपला तरी खुर्ची सोडत नाही. नावांची लांबलचक यादी सरकून गेल्यावर पुढच्या भागाचा एखादा तुकडा दाखवतील, या आशेवर तो बसून राहतो. झाडू घेतलेला माणूस त्याच्या रांगेपाशी येऊन थांबतो, खाली सांडलेल्या पॉपकॉर्नकडे बघतो, मग त्याच्याकडे बघतो. 'ड्यून'मध्ये असा तुकडा नसतो, हे चाहत्याला माहीत असते. तरीही तो बसतो.

या वर्गाच्या अभ्यासाला 'ड्यून' हीच मालिका सोयीची. पुढच्या भागाची ओढ आणि पारितोषिकांचा ताप ही दोन्ही लक्षणे तिच्या चाहत्यात एकदमच दिसतात.

फ्रँक हर्बर्टची मूळ कादंबरी 1965 ची. डेव्हिड लिंचने 1984 मध्ये ती एकाच सिनेमात कोंबून पाहिली आणि पुढे त्या सिनेमाचा विषय काढणेही त्याला नकोसे झाले. देनी व्हिलनव्हने शहाणपणा करून कादंबरीचे दोन तुकडे केले. मात्र पोस्टरवर नुसते 'ड्यून' होते. 'भाग पहिला' ही पाटी थिएटरात अंधार झाल्यावर पडद्यावर आली. म्हणजे तिकीट पूर्ण, गोष्ट अर्धी, आणि उरलेली अर्धी निघणार की नाही हे तोवर कंपनीनेही ठरवलेले नव्हते. साधा प्रेक्षक अशा वेळी फसवणूक झाली म्हणतो. चाहता कृतकृत्य होतो, कारण आता त्याला वाट बघायला काहीतरी मिळालेले असते. महाराष्ट्रात तर योग असा जुळून आला, की कोरोनामुळे बंद असलेली थिएटरे 22 ऑक्टोबर 2021 ला उघडली आणि त्याच शुक्रवारी 'ड्यून' लागला. निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती. निम्म्या प्रेक्षकांनी तोंडाला मास्क लावून निम्मी गोष्ट पाहिली. चारच दिवसांनी दुसऱ्या भागाला मंजुरी मिळाल्याचे जाहीर झाले. आपण पहिल्याच दिवशी तिकीट काढले म्हणून हे घडले, याबद्दल चाहत्याच्या मनात आजही शंका नाही.

मग सुरू होतो प्रतीक्षाकाळ. चाहत्याचे खरे आयुष्य हेच. सिनेमा हा त्यातला 166 मिनिटांचा व्यत्यय. दुसऱ्या भागाची तारीख आधी 20 ऑक्टोबर 2023 होती, ती नोव्हेंबरात गेली, नोव्हेंबरातल्या नोव्हेंबरात थोडी अलीकडे आली, आणि मग हॉलिवूडचे लेखक व नट संपावर गेले. नटांना प्रसिद्धीला उभे राहायची मनाई झाली आणि सिनेमा 2024 च्या मार्चवर ढकलला गेला. या काळात चाहता कामगार चळवळीचा अभ्यासक बनतो. पहिल्या आठवड्यात तो मनापासून संपकऱ्यांच्या बाजूचा असतो. दुसऱ्या महिन्यात 'दोन्ही बाजूंनी थोडे मागे यायला हवे' असे म्हणू लागतो. ऑफिसात टाकलेली रजा तो आधीच दोनदा बदलून बसलेला असतो, आणि रजेचे कारण म्हणून दरवेळी 'घरगुती' लिहितो.

घरच्यांची भूमिका या सगळ्यात स्थिर असते. "वाळवंटाचाच ना तो पिक्चर? तो तर बघितलास की तू," असे आई म्हणते. "तो पहिला भाग, आई. आता उरलेली गोष्ट आहे." "मग एकदम का नाही काढली?" या प्रश्नावर चाहत्याकडे वीस मिनिटांचे उत्तर तयार असते, पण तोवर कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते.

प्रत्यक्ष सिनेमा पाहण्याच्या बाबतीत चाहता सोवळे पाळतो. आयमॅक्सशिवाय चालणार नाही, खुर्ची मधलीच हवी, मागून तिसरी रांग. पडद्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण 1.43 चे की 1.90 चे यावर तो तावातावाने भांडतो, जरी शेजारी बसलेल्या मित्राला दोन्हींत वाळूच दिसत असली तरी. पहिल्या भागाची उजळणी आदल्या रात्री झालेलीच असते. इंटरव्हल हे त्याचे जुने दुखणे. सलग बघण्यासाठी काढलेला सिनेमा आपल्याकडे मध्येच कुठेतरी कापतात. पडद्यावर लढाईची तयारी चाललेली असते आणि एकाएकी दिवे लागून दागिन्यांची जाहिरात सुरू होते. अशा वेळी समोशाच्या रांगेत उभा असलेला चाहता या प्रथेचा जितका कडाडून निषेध करतो, तितका इतरत्र कुणी केलेला आढळत नाही. अमेरिकेत या सिनेमासाठी वाळूतल्या अजस्र किड्याच्या तोंडाच्या आकाराचे पॉपकॉर्नचे डबे निघाले होते. त्यात हात घालणे जरा अवघडच दिसत होते, त्यावर टीव्हीवरच्या विनोदवीरांनी महिनाभर गुजराण केली. इथल्या चाहत्याला तो डबा ही चेष्टेची नव्हे, हळहळीची गोष्ट वाटली.

इथवरचा ताप साधा. जानेवारी लागला की पारितोषिकांचा मोसम येतो आणि प्रकरण गंभीर होते. गोल्डन ग्लोब, निर्मात्यांची संघटना, दिग्दर्शकांची संघटना, बाफ्टा आणि शेवटी मार्चमध्ये ऑस्कर, असा हा क्रम. 'ऑस्करला काही अर्थ राहिलेला नाही' हे चाहत्याचे ठाम मत आहे आणि ते तो पहाटे साडेपाचला, टीव्हीपुढे बसून मांडतो. सोहळा लॉस एंजेलिसमध्ये रविवारी दुपारी-संध्याकाळी सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे सोमवार उजाडत असतो. दहावीच्या निकालाला मुलापेक्षा मावशीच जास्त घाबरलेली असावी, तशी त्या वेळी त्याची अवस्था असते.

मार्च 2022 ची सकाळ या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. पहिल्या भागाला दहा नामांकने होती. चाहता गजर लावून उठला, चहा करून बसला, आणि त्याला कळले की आठ पारितोषिके प्रक्षेपणाच्या आधीच सभागृहात वाटून झाली आहेत. त्यांची कापलेली दृश्ये नंतर मध्ये मध्ये दाखवतील. 'ड्यून'ने त्या रात्री एकूण सहा पारितोषिके घेतली, त्यातली चार या आठांतली. संगीतकार हान्स झिमर तर समारंभाला नव्हताच. तो दौऱ्यावर होता आणि हॉटेलात बाथरोबवर आनंद साजरा करत होता. उरलेली कसर विल स्मिथने भरून काढली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चाहता सहा पारितोषिकांबद्दल बोलायला गेला, तर प्रत्येकाला फक्त त्या एका थपडेत रस होता.

चाहत्याला इतिहास पाठ असतो, पण सोयीचा. दुसरा भाग सर्वोत्कृष्ट ठरू शकतो, याला त्याचा दाखला 'द गॉडफादर पार्ट टू'. 1975 च्या सोहळ्यात त्याने सहा ऑस्कर घेतले. नंतर 2004 मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या भागाने अकरापैकी अकरा पटकावले. 'गॉडफादर'च्याच तिसऱ्या भागाला सात नामांकने मिळून हाती भोपळा आला, हे सांगायच्या वेळी मात्र त्याला नेमका फोन येतो. सर्वोत्कृष्ट सिनेमाच्या मतदानाची पद्धतही त्याच्या विरोधात जाते. मतदार सिनेमांना पसंतीक्रम देतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत, तर शेवटचा सिनेमा बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीला जातात. म्हणजे काहींना वेड लावणाऱ्या सिनेमापेक्षा बऱ्याच जणांनी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेला सिनेमा फायद्यात राहतो. दुसऱ्या पसंतीला काय लिहायचे, हे चाहत्याला आजवर सुचलेले नाही.

खरी कोंडी संगीताच्या नियमाने केली. मालिकेतल्या सिनेमाचे संगीत ऑस्करला पाठवायचे, तर आधीच्या भागांतले संगीत त्यात वीस टक्क्यांहून जास्त चालत नाही. झिमरने दुसऱ्या भागात पहिल्याच्या सुरावटी पुढे नेल्या होत्या, त्यामुळे त्याचे काम स्पर्धेतून बाद झाले. गोल्डन ग्लोबने मात्र त्याच संगीताला नामांकन दिले. आता चाहत्याची बाजू पाहा. पहिल्याच दृश्यात ते ओळखीचे सूर ऐकू आले नसते, तर तोच थिएटरात उभा राहून दाद मागणार होता. सगळे अगदी तसेच असावे आणि ते नवे म्हणून गौरवले जावे, या दोन्ही मागण्या तो एका दमात करतो आणि दोन्ही त्याला रास्त वाटतात. याबाबतीत अकादमीचा नियम जरा कोरडा असला तरी चुकीचा म्हणता येत नाही. अर्थात हे चाहत्यासमोर बोलू नये.

2025 मध्ये दुसऱ्या भागाची पाच नामांकने होती; व्हिलनव्हला दिग्दर्शनाचे नामांकन पहिल्या वेळेसारखेच याही वेळी नव्हते. मिळाली दोन: ध्वनी आणि दृश्यपरिणाम. बाफ्टातही हीच दोन मिळाली होती. हे जवळपास ठरल्यासारखेच आहे. 2023 मध्ये 'टॉप गन'च्या पुढच्या भागाला एक मिळाले ते ध्वनीचे, 'अवतार'च्या पुढच्या भागाला एक मिळाले ते दृश्यपरिणामांचे. 2025 चा सर्वोत्कृष्ट सिनेमा ठरला 'अनोरा'. वाळूचा किडा मंचावर आला खरा, पण पियानो वाजवून लोकांना हसवायला.

मराठी घरांना हा ताप अगदीच अपरिचित नाही. 2004 मध्ये 'श्वास' भारताकडून ऑस्करला निघाला, तेव्हा अमेरिकेतल्या प्रसिद्धीच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी जमवली. सिनेमा शेवटच्या पाचांत आला नाही, पण ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता तेही अकादमीवर नाराज झाले. आज 'ड्यून'साठी जागणाऱ्या मुलाला हसणारे त्याचे काका त्या वेळी वर्गणीचा डबा घेऊन फिरले असण्याची दाट शक्यता आहे.

तिसऱ्या भागाची तारीख 18 डिसेंबर 2026 अशी जाहीर झाली, आणि मार्व्हलच्या नव्या 'अ‍ॅव्हेंजर्स'लाही तोच शुक्रवार देण्यात आला. दोन्ही मालिकांच्या चाहत्याने त्या दिवसाच्या रजेचा अर्ज घरगुती कारणासाठीच केला. या वेळी मात्र त्याने तारखेची जागा कोरी सोडली.