कादंबरी व्हायलीय

तालुक्याच्या प्रत्येक गावाला एक प्रयोगशील कादंबरीकार असतोच. पूर्णेचा जंक्शनवर सापडतो. नांदेड, परभणी, अकोला अशी तिन्हीकडची माणसं इथं गाडी बदलायला उतरतात, त्यामुळं सरांना श्रोता कमी पडत नाही. ज्याची गाडी लेट, तो सरांच्या तावडीत.

पेशानं मास्तर, खांद्याला शबनम, आत दोनशे पानी रजिस्टर. "झाली का हो सर, कादंबरी?" असं कुणी विचारलं की सर चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, "व्हायलीय." कादंबरी सुरू झाली तेव्हा पूर्णा-अकोला मीटरगेज होती. 2008 साली ती ब्रॉडगेज झाली. नायक अजून स्टेशनावर उतरायचाय.

दोष नायकाचा नाही. सरांची कादंबरी मुळात कादंबरी लिहिता न येण्यावर आहे. त्यामुळं एखाद्या दिवशी चुकून दोन ओळी जमल्या तरी सर अस्वस्थ होतात. विषयालाच धक्का लागतो!

परवा घरी गेलो, तर सरांनी कौतुकानं रजिस्टर पुढं केलं. पहिल्या पानावर शीर्षक, खोडलेलं. दुसऱ्यावर अर्पणपत्रिका, तीही खोडलेली, कारण मेहुण्याशी मध्यंतरी बिनसलं. तिसऱ्यावर 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत'. पात्र एकही नाही. चौथं कोरं. "इथं वाचकानं लिहायचं," सर म्हणाले. पाचव्यावर मात्र ठसठशीत अक्षरात साखर दोन किलो, तूरडाळ एक, शेंगदाणे, खोबरेल.

"हे वास्तवाचं आक्रमण," सर हळूच म्हणाले. तेवढ्यात आतून वहिनी आल्या. "अहो, ते यादीचं पान द्या फाडून, दुकान बंद होईल." पान गेलं. अख्ख्या कादंबरीत वाचण्यासारखं तेवढंच होतं.

टोकलं की सर थेट इंग्लंड गाठतात. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'त नायक तिसऱ्या खंडापर्यंत जन्मालाच येत नाही म्हणे. खरंय. पण त्याच स्टर्ननं 1759 ते 1767 या काळात नऊ खंड छापून मोकळे केले, हे सर गाळतात. 'कोसला' 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, असं म्हटलं तर उत्तर येतं, "तेव्हा कागद स्वस्त होता." आपल्या परभणीच्या बी. रघुनाथांनी बांधकाम खात्यात कारकुनी करत कथा, कविता, कादंबऱ्या लिहिल्या, याची आठवण दिली की सर उसासा टाकतात. "त्यांच्याकडं सांगायला काहीतरी होतं हो. माझी अडचण फॉर्मची आहे."

लिहिता येत नाही यावरची कादंबरीसुद्धा लिहावीच लागते, ही या प्रकारातली एकमेव जाचक अट. सर ती मानायला तयार नाहीत. तेव्हा पूर्णेला उतरलात आणि शेजारच्या बाकावरून कुणी "वाचनाची आवड दिसते" म्हणालं, तर हातातलं पुस्तक मुकाट्यानं पिशवीत घाला आणि चहाला दुसऱ्या फलाटावर जा.