भाच्याची स्वारी

ज्याचा जन्मच ओढण्यासाठी झाला, त्याला ओढून न्यायला दुसरी गाडी शोधणाऱ्या माणसाकडे गाव ज्या नजरेने बघतं, त्या नजरेची मला आता सवय झाली आहे. ‘चालवत न्या की!’ हा सल्ला मला पारावरच्या प्रत्येकाने दिला. त्यात तथ्य आहे, हीच पंचाईत. पुरंदरातल्या आमच्या अंजिराच्या वावरातून भोरकडच्या भातखाचरापर्यंत ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर जाऊ शकतो. टॉप गियरला ताशी वीस-पंचवीसने पळतो, म्हणजे सकाळी निघाला तर जेवायला पोचतो. यावर मी म्हणतो, डांबरावर टायरांची नक्षी झिजते, हायवेला कंटेनरवाले अंगावर येतात. खरं कारण सांगत नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळून, सगळं अंग खिळखिळं करून घेत मामाच्या दारात पोचणारा भाचा मला व्हायचं नव्हतं. मला गाडीतून उतरायचं होतं. मागे ट्रेलर, ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळलेला ट्रॅक्टर, आणि मी गॉगल कपाळावर चढवून विचारणार, ‘मामा, कुठं उतरवू?’

हे खूळ डोक्यात भरवलं अमेरिकेतल्या टोपीवाल्या शेतकऱ्यांनी. रात्री सगळे झोपले की मी त्यांचे व्हिडिओ बघतो. भला दांडगा पिकअप, मागे दोन आसांचा ट्रेलर, त्यावर ट्रॅक्टर, आणि हे गृहस्थ एका हाताने स्टीअरिंग धरून मक्याच्या रानातून चाललेत. एवढा सरळ आणि रिकामा रस्ता आमच्याकडे असता, तर त्यावर कुणीतरी ज्वारी वाळत घातली असती.

त्यांचं बघून मी इसुझूच्या व्ही-क्रॉसची चौकशी करून आलो. शोरूममधला मुलगा म्हणाला, ‘सर, तुमच्या पर्सनॅलिटीला शोभते.’ हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणत असेल, अशी शंका मला तरी आली नाही. हौदा मात्र जेमतेम पाच फुटांचा आणि माझा ट्रॅक्टर आठ फुटांचा. म्हणजे पंचवीस लाखांच्या पुढची गाडी घेऊनही ट्रॅक्टर खालीच. ट्रॅक्टरची किंमत सहा लाख. हा हिशेब घरी मांडला तेव्हा बायकोने मान वर न करता ‘चार ट्रॅक्टर’ एवढंच म्हटलं.

तरी ट्रेलरचा भाव काढायला काय हरकत आहे? सासवडच्या बाहेर ट्रॉल्या बांधणारा एक मिस्त्री आहे. त्याने विचारलं, ‘उसाची का मुरमाची?’

‘ट्रॅक्टरची,’ मी म्हणालो.

‘ट्रॅक्टरचीच असती वो. आत काय भरनार?’

‘ट्रॅक्टर.’

त्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर घेतला. मग मी त्याला शास्त्र सांगितलं. ट्रेलरच्या भरल्या वजनाचा दहा-पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. कमी आला तर वेगात ट्रेलरचं शेपूट हलायला लागतं, आणि एकदा हलायला लागलं की पुढच्या गाडीलाही हलवतं. जास्त आला तर पुढच्या गाडीची मागची बाजू बसते आणि स्टीअरिंग हलकं पडतं. म्हणून ट्रॅक्टर आसाच्या किंचित पुढे उभा करायचा. हे सगळं इंग्रजीतून समजून घेण्यात माझे कितीतरी रविवार गेले होते.

‘म्हंजी उलाळ नको, जरा धुरजड पायजे,’ मिस्त्री म्हणाला. ‘आमच्या आज्यालाबी म्हाईत हुतं.’

त्याचा आजा बैलगाडीबद्दल बोलत असणार, हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिलं.

‘गाडीच की,’ म्हणत त्याने चष्मा खाली घेतला.

ट्रेलर बारगळला तो मात्र मी राहतो त्या कोथरूडमध्ये. त्याला स्वतःचा नंबर लागतो, वेगळं पासिंग लागतं, आणि मुख्य म्हणजे उभं राहायला जागा लागते. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी विचारलं, ‘वर्षात कितीदा वापरणार?’ मी म्हणालो, जाताना एकदा, येताना एकदा. ‘आणि एरवी?’ एरवी तो उभा राहील. ‘कुठे?’ यावर सभेत इतके जण एकदम बोलले की मला आमची सोसायटी पहिल्यांदाच एकजुटीची वाटली.

मग स्वारी हत्तीवर आली. टाटांचा छोटा हत्ती 2005 साली आला, तेव्हापासून निम्म्या महाराष्ट्राचा संसार त्याच्या पाठीवर आहे. त्याची तेव्हाची ताकद 750 किलोंची. माझा ट्रॅक्टर कागदावर साडेसहाशे किलोंचा. मी खूश. दादा म्हणाला (दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, शेती तो करतो, मी शेतीवर बोलतो), ‘आन रोटाव्हेटर काय डोक्यावर न्यायचा?’ तो दोनशे किलो. चिखलणीची केजव्हील वेगळी. मग दादाने तंबाखू मळता मळता सांगितलं की मागच्या टायरांत पाणी आहे, दोन्ही मिळून शंभरेक लिटर. चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून टायर पाऊणपर्यंत पाण्याने भरतात. ज्या ट्रॅक्टरला टेकून काढलेला माझा फोटो वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर झळकतोय, त्याच्या चाकांत काय आहे याचा मालकाला पत्ता नव्हता. शिवाय हत्तीची पाठ सात फुटांची. ट्रॅक्टरचं नाक केबिनला लावलं तरी मागचा फूटभर भाग हवेत.

बोलेरो पिकअप हे खरं उत्तर आहे. नऊ फुटांच्या आसपास हौदा, दीड टनाच्या आगेमागे वजन, कुठल्याही बोळातून निघते. टोमॅटो, कोंबड्या, मांडवाचे बांबू, गणपती, सगळं तिच्यातूनच जातं. म्हणूनच ती नको होती. मला टोमॅटोंच्या रांगेत बसायचं नव्हतं.

राहिली 407. ही 1986 सालची, म्हणजे माझ्या पिढीची. सहज दोन टनांच्या वर उचलते आणि तोंडावरून तरी कुणाचं ऐकून घेणारी वाटत नाही. शिवाय ती मी स्वतः चालवू शकतो. कायद्याने. एकूण वजन 7500 किलोंच्या आत असेल तर मालवाहू गाडी साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. वाद विमा कंपन्यांचा होता, पण वाचताना मला तो माझ्याचसाठी दिलाय असं वाटत राहिलं. दादालाही वाचून दाखवला.

‘कोर्टानं तुला रिव्हर्स घेताना पाह्यलंय का?’ दादाने विचारलं.

रिव्हर्सचा विषय निघालाच आहे, तर एका उपेक्षित माणसाबद्दल लिहायचं फार दिवस मनात आहे. महाराष्ट्रात कुठेही, कितीही वाजता, गाडी मागे घ्यायला लागा. एक माणूस उगवतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. मघापर्यंत तो चहा पीत असतो, भिंतीकडे तोंड करून उभा असतो किंवा मुळात नसतोच. गाडीचा मागचा पांढरा दिवा लागला की तो आरशात दिसणार नाही अशा जागी जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘येऊ द्या.’ एकदा नाही. ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या,’ असं चढत्या लयीत. त्यानंतर धप्प असा आवाज येतो आणि त्यानंतर ‘बास!’ या क्रमात मी आजवर फरक पाहिलेला नाही.

यांच्यात घराणी आहेत. एक हातवाले. ते हवेत अदृश्य स्टीअरिंग फिरवतात, पण ते आपलं की त्यांचं, म्हणजे आपण आरशात बघून फिरवायचं की उलटं, हे गाडी गटारात गेल्यावरच कळतं. दुसरे थापवाले. ते बोलत नाहीत, गाडीच्या पत्र्यावर तळहात मारतात. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण थापवाले एक मारून विचार करतात आणि मग दुसरी मारतात, तेवढ्यात आपण थांबूनही चुकतो आणि जाऊनही. तिसरे इतिहासकार. ‘हितंच आमच्या चुलत्याचा टेम्पो पलटी झाला हुता,’ हे ते बरोबर त्याच क्षणी सांगतात. आणि ट्रॉली मागे घेत असाल तर दोन माणसं उगवतात, कारण ट्रॉली उजवीकडे न्यायची तर स्टीअरिंग डावीकडे मारावं लागतं. एक जण ट्रॉलीची दिशा सांगतो, दुसरा स्टीअरिंगची. दोघेही बरोबर असतात. ‘फुल्ल काट! सोड सोड! कुणी सांगितलं सोडायला?’ एसटीचा कंडक्टर तेवढा शिट्टी फुंकून शिस्तीत काम करतो, पण त्याला त्याचा पगार असतो. बाकीच्यांना काय मिळतं? गाडी लागली की ते थांबतसुद्धा नाहीत. ‘झालं’ म्हणून निघून जातात, चहा गार झालेला असतो. सख्ख्या भावाला बांधावरून जाऊ न देणारी माणसं मी पाहिली आहेत. ‘येऊ द्या’ म्हणायला मात्र त्यांच्यातलाही प्रत्येक जण आपण होऊन आलेला आहे. मला रिव्हर्स नीट जमत नाही हे खरं, पण त्यामुळे माझ्या ओळखी फार.

असो. दादाची शंका रास्त होती. गाडी भाड्याची आणि ड्रायव्हरसकट ठरली.

मध्येच मामीचा फोन. ‘हितं तासावर ट्रॅक्टर मिळतुय. तू कशापायी आनतुयास?’

व्ही-क्रॉसपासून धुरजडपर्यंत सगळ्यावर तोंड चालणाऱ्या मला यावर काही बोलता आलं नाही, कारण उत्तर जमिनीच्या वाटण्यांपासून सुरू होतं. कृषी गणनेत 1970-71 साली महाराष्ट्रात खातेदारामागे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, 2015-16 मध्ये ती 1.34 वर आली. तुकडे पडू नयेत म्हणून 1947 सालचा कायदा आहे, आणि तो असतानाच तुकडे पडले. जमीन आखडली तसा ट्रॅक्टरही आखडला. हा 24 एचपीचा बुटका कुणी गंमत म्हणून काढलेला नाही. आमच्या आजोबांच्या एका वावरावर आज इतकी नावं आहेत की सातबारा उलटून वाचावा लागतो. वाटणीनंतर काही वर्षं माझे वडील आणि चुलते एकाच विहिरीवर वेगवेगळ्या वेळी जायचे. दादा आणि मी ट्रॅक्टर भागीत घेतला, त्यालाही घरात ‘बघू किती दिवस टिकतं’ म्हणणारे होतेच. त्यांचा राग मला अजून येतो.

मामाकडेही वाटणी झाली. अशा वेळी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची, साडी-चोळी घ्यायची आणि माहेर टिकवायचं, हा रिवाज. आई पेन उघडून बसली होती. मामाने कागद ओढून घेतला. ‘तुजं न्हाय का ते?’ एवढंच म्हणाला, आणि भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाचं एक खाचर तिच्या नावावर राहिलं. ते कसत मात्र तोच आला. दर दिवाळीला इंद्रायणीचं पोतं एसटीने यायचं, त्यातून खर्च कापलेला नसायचा. आता बैल गेले, मामाचे गुडघेही गेले. तासावरच्या ट्रॅक्टरने चिखलणी झाली असती, छान झाली असती. पण आईच्या खाचरात एकदा तरी आईच्या घरचं काहीतरी उतरावं असं मला वाटत होतं. गॉगल ही त्यावरची हौस.

407 घेऊन आलेला ड्रायव्हर मिसरूड फुटलेला पोरगा होता. दादाला तो दादा म्हणाला आणि मला काका. गावात ट्रॅक्टर चढवायला रॅम्प नसतो, उंच बांध असतो. गाडीचं फाळकं त्या बांधाला भिडवायचं आणि मधल्या फटीवर लोखंडी चॅनेल टाकायचे. बांध कमी पडला आणि चॅनेल उभे लागले, तेव्हा दादाने ट्रॅक्टर वळवून रिव्हर्समध्ये वर घेतला. चढावर तोंड पुढे असलं की नाक उचलतं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटतो, त्यात माणसं गेली आहेत. इतका वेळ बडबडणारे सगळे तेवढे गप्प होते. चॅनेल करकरले, एक किंचित सरकला, दादाने क्लच न दाबता गाडी तशीच वर नेली. मग गियर टाकला, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, आणि चार कोपऱ्यांना साखळ्या तिरक्या आवळल्या. माझे नवे पट्टे मी पिशवीतून काढेपर्यंत पोरगा केबिनमध्ये जाऊन बसला होता.

सासवड, नारायणपूर, केतकावळे, कापूरहोळ, भोर. सगळ्या वाटेवर कुणीही वळून पाहिलं नाही. मधे एका पिकअपने आम्हाला ओव्हरटेक केलं. तिच्यात टोमॅटो होते.

मामा ओसरीवरून काठी टेकत आला. 407 भोवती एक चक्कर मारली, टायर ठोकून पाहिला.

‘गाडी ब्येस हाय. तुजी?’

‘भाड्याची.’

‘आन ह्यो?’

‘आमचा.’

मामाने ट्रॅक्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गॉगलकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ‘ल्हान हाय,’ म्हणाला. मग खाचराकडे नजर टाकून, ‘ब्येस. वळंल आत.’

एवढं बोलून तो ड्रायव्हरकडे वळला. त्याला चहा, त्याला पोहे, गाडीचं अ‍ॅव्हरेज काय, कुठल्या गावचा, बापाचं नाव काय. दादाने तोवर ट्रॅक्टर खाली घेऊन केजव्हील चढवायला घेतलीही. मी साखळी हातात धरून उभा होतो.

पोहे संपवून पोरगा म्हणाला, ‘आजोबा, गाडी मोकळीच चाललीय. रिटर्नला काय भरायचंय का?’

मामाने माझ्याकडे काठी केली. ‘ह्याला न्या. कापूरहोळला सोडा, थितनं एसटी मिळंल. चिखलात ह्याचं काय काम?’

रिटर्नचं भाडं अर्धं लागतं, असं पोरगा म्हणाला.