निघालोच आप्पा

१ जुलै १९९८ पर्यंत आप्पांचं सगळं धुळ्यामुळे अडायचं. रस्ता धुळ्यानं खाल्ला, हातपंप धुळ्यानं पळवला, मास्तर धुळ्यानं पाठवला नाही. मग नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि आप्पांची पंचाईत झाली. कलेक्टर आपलाच, आता शिव्या द्यायच्या कुणाला? आठवडाभरात आप्पांनी मुंबई गाठली. म्हणजे गेले नाहीत, नवापूर स्टेशनच्या बाकावर बसूनच गाठली. हा बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. आप्पा बरोब्बर मधे बसतात.

“पैसा आपला जास मुंबईले, अन् रस्ता बारामतीना व्हस! निघालोच आपण गुजरातले!”

टाळ्या पडतात. तक्रार खोटी नाही, म्हणूनच पडतात. पण उकाई धरण गुजरातेत, आणि त्याच्या बुडितात जमिनी इकडच्याही गेल्या. आप्पा ज्यांच्याकडे निघालेत तेच हे गुजरात, एवढा तपशील भाषणात येत नाही. २०२२ च्या अखेरीस नाशिकच्या सुरगाण्यातली गावं पाणी-रस्त्यासाठी खरोखरच ‘गुजरातेत जातो’ म्हणाली, तेव्हा आप्पा चिडले. आपला विषय परक्या तालुक्यानं पळवला!

पुतण्यानं मोबाइलवर ब्रिटनचं ब्रेक्झिट दाखवलं. २०१६ च्या सार्वमताची ती लाल प्रचार-बस, तिच्यावर लिहिलेलं: दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या दवाखान्यांना देऊ. आकडा फुगवलेला होता. निकालाच्या सकाळी नायजेल फराज टीव्हीवर म्हणाले, ते आश्वासन ही चूकच. आप्पांना बस आवडली, पण त्याहून भावलं ते हे, की युरोप सोडा म्हणणारे फराज १९९९ पासून २०२० पर्यंत युरोपच्याच संसदेत खासदार होते, पगारासकट.

“माणूस लई शिकेल शे भो,” आप्पा म्हणाले. ते स्वतः जिल्ह्याच्या दोन समित्यांवर आहेत. प्रवासभत्ता चुकवत नाहीत.

ब्रुसेल्सचा अधिकारी इंग्लंडातल्या चहाच्या टपरीवर खुलासा करायला येत नाही, मंत्रालयातला अवर सचिव नवापुरात येत नाही. ग्रामसेवकाला शिव्या घातल्या तर तो दुपारी फाइल घेऊन दारात उभा राहतो, वर सही मागतो. म्हणून आप्पांचा शत्रू नेहमी चार-पाचशे किलोमीटरवरचा असतो.

परवा एका पोरानं विचारलं, “आप्पा, गुजरातम्हा तर दारूबंदी शे ना?”

बाकावर शांतता. आप्पा नकळत महाराष्ट्राच्या बाजूला सरकले.

“असा निर्णय घाईम्हा नई लेवाना. पहिले अभ्यास समिती नेमू.”

फ्रान्सच्या मरीन ल पेन यांनीही २०१७ ची निवडणूक हरल्यावर युरो सोडायचा हट्ट गुंडाळून ठेवला होता. त्यांना मतदारांच्या बचत खात्यांनी अडवलं, आप्पांना संध्याकाळनं. समितीचं अध्यक्षपद आप्पांनी स्वतःकडे घेतलंय. बैठका महाराष्ट्राच्या हद्दीत, संध्याकाळी सातनंतर.