मानोरा ते मानोरा

प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांचं एक बरं असतं, त्यांचं वाहन चालू होतं. विमान उडतं, बोट सुटते आणि दुसऱ्या पानावर लेखक परमुलखातल्या हॉटेलच्या खिडकीशी उभा राहून पाऊस बघत असतो. मला मानोऱ्याहून पोहरादेवीला जायचं होतं. गाव त्याच तालुक्यातलं. वऱ्हाडात अंतर विचारलं की माणूस किलोमीटर सांगत नाही, त्या दिशेला हनुवटी उचलून ‘हे काय, हे’ म्हणतो, तेवढं लांब.

पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांची समाधी तिथं, जगदंबेचं देऊळ तिथं, रामनवमीला यात्रा तिथं. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत नगाऱ्याच्या आकाराची. पेपरातला तिचा फोटो मामांनी कापून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवला होता. थंडीत मी मानोऱ्याला त्यांच्या भेटीला गेलो, तर माझा चहा संपायच्या आत म्हणाले, “उद्या नगारा पाहून येऊ.”

“एसटी किती वाजता आहे?”

“घरी गाडी असून एसटीनं कायले जा लागते?”

“कोणती गाडी?” मामींनी आतून विचारलं. मामांनी तो प्रश्न ऐकला नाही. निवृत्त गुरुजींचं ऐकणं त्यांच्या मर्जीवर असतं.

गाडी म्हणजे बजाज चेतक. 1972 साली बाजारात आलेली, राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव मिरवणारी, गिअर डाव्या मुठीत आणि इंजिन उजव्या बगलेत ठेवणारी टू-स्ट्रोक स्कूटर. तिची निर्मिती थांबूनही आता बरीच वर्षं झाली. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण एके काळी ही गाडी विकत घेत नसत. तिच्यासाठी नंबर लावत आणि तो लागेपर्यंत वर्षानुवर्षं थांबत. मामांनी साखरपुड्याच्या सुमारास नोंदवली आणि ती दारात आली तेव्हा थोरली मुलगी पाटी घेऊन शाळेत जात होती. साल 1990. नंबर एमएच-30, म्हणजे अकोल्याचा, कारण तेव्हा मानोरा अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला आणि त्याला एमएच-37 मिळाला. तेव्हा आमची चेतक जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी, आणि मामा ते पाहुण्यांना सांगतातही.

मामांचे गुडघे गेले तशी गाडी मागच्या खोलीत गेली. आधी तिच्यावर जुनं धोतर आलं, मग ताडपत्री, ताडपत्रीवर सोयाबीनचे रिकामे कट्टे, कट्ट्यांवर ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं आणि त्यावर मामींची पापडांची खाट. आम्ही वरून खाली खणत गेलो. मामांनी हँडलवरची धूळ गमछ्यानं पुसली, आरशात मिशी पाहिली आणि मला म्हणाले, “मार किक.”

मी मारली. किक खाली गेली, तिथं थोडा विचार केला आणि सावकाश वर आली. इंजिनानं हुंकारही दिला नाही. दोन-चार वेळा असंच झालं. तोवर फाटकाशी माणसं जमली. पुण्यात रस्त्यावर गाडी बंद पडली तर लोक हॉर्न वाजवतात. मानोऱ्यात ते हातातली पिशवी खाली ठेवतात.

“करंट नाई येऊन रायला.”

“करंट हाय गा, पेट्रोल नाई चढू रायलं.”

“गुरुजी, तिरपी करा! तिरपी!”

यावर एकमत झालं. चेतक चालवलेल्या पिढीत या विधीबद्दल शंका घ्यायची पद्धत नाही. गाडी मिठीत घेऊन आडवी कलती करायची, क्षणभर धरायची, सरळ करायची आणि किक मारायची. अडाणीपणा म्हणून हसायचं कारण नाही, त्यामागं विज्ञान आहे. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीला थांबलेलं असतं. गाडी कलली की ती पातळी बिघडते, जास्तीचं पेट्रोल वाटेला लागतं आणि थंड इंजिनाला पहिला घास भरपूर मिळतो. चोक करतो तेच काम. फक्त वाद एवढाच की कलती डावीकडं करायची की उजवीकडं. त्यावरून फाटकाशी दोन गट पडले. डावीकडच्या गटात ग्रामसेवक होते म्हणून आधी डावीकडं करून पाहिली, मग उजवीकडं. दोन्हीकडून गाडी निष्पक्ष राहिली, कारण वाटीत कलायला पेट्रोलच नव्हतं.

“धक्का स्टार्ट,” मामा म्हणाले आणि गाडीवर बसले. डोक्याला कानटोपी, डोळ्यांना काळा चष्मा. धक्क्याची जबाबदारी भाच्याकडे आहे हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून ठेवायचा, वेग आला की सोडायचा. पण वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात. मग क्लच दाबला काय नि सोडला काय. मागचं चाक फिरेचना. ते फरफटत निघालं आणि गल्लीच्या धुळीत अशी सरळ रेघ पडली की शाळेच्या मैदानावर फक्कीनं आखावी. अखेर गाडी न्यूट्रल केली आणि आमची यात्रा गावातून निघाली.

वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. एकूण 701 किलोमीटर, मोटारींना ताशी 120 पर्यंत मुभा, दुचाकीला प्रवेश नाही. त्याउलट आमच्या वेगाला गावातलं सगळं दिसत होतं. कृषी केंद्राच्या पाटीवर सोयाबीनच्या वाणाचं नाव चुकलेलं होतं. हॉटेलातल्या कढईत आलूबोंडे उलटताना आचारी झाऱ्यानं कढईच्या काठावर दोनदा टकटक करत होता. मामा मात्र वर बसून दोन्ही बाजूंचे नमस्कार घेत होते.

“काय गुरुजी, काढली गाडी?”

“हो. निघालो पोहरादेवीले.”

“आन मागं कोण हाय?”

“भाचा हाय. पुण्याचा.”

त्यावर सगळे मला सहानुभूतीनं ‘या भाचेबुवा, चहा घेऊन जा’ म्हणत. मामा थांबले असते, पण ब्रेकही लागत नव्हता.

पहिल्या गॅरेजातला मिस्त्री तरुण होता. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, सीटखाली हात घातला, बॅटरी शोधली, मग स्कॅनर कुठं लावायचा ते शोधलं. आजच्या मोटरसायकली आपलं दुखणं आकड्यांत सांगतात. शेवटी पोरगा खरोखर घाबरून म्हणाला, “काका, हिच्यात तर काहीच नाई.” आणि आम्हाला फवारणी पंपवाल्याकडं पाठवलं.

हे मला कधी सुचलं नसतं. पाठीवर घ्यायच्या पेट्रोल फवारणी पंपाला छोटं टू-स्ट्रोक इंजिन असतं. तसाच कार्बोरेटर, तसाच प्लग, पेट्रोलमध्ये तसंच ऑइल मिसळायचं. रस्त्यावरून टू-स्ट्रोक स्कूटर गेली आणि तिची सगळी विद्या सोयाबीन, तूर नि कपाशीच्या फवारणीत जाऊन राहिली. दुकानात रांगेनं पंप टांगलेले होते आणि त्यांच्याखाली पन्नाशीचा मिस्त्री ग्रीसच्या हातानं भजं खात होता. मामांना पाहून तो उठून उभा राहिला. मामांचा विद्यार्थी. हौद आणि नळांच्या गणितावरून छड्या खाल्लेला.

“गुरुजी, कधीपासून उभी हाय?”

मामांनी उत्तर देताना थोरल्या नातवाचं वय सांगितलं.

त्यानं टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि मान मागं नेली. उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि तळाशी चिकट राळ उरते. ती नळीतून कार्बोरेटरमध्ये उतरून तिथं वाळते. “आन नवं पेट्रोल तर याहून नाजूक,” तो म्हणाला. “त्यात आता इथेनॉल असते. थे पाणी ओढते, जुन्या गाडीचं रबर फुगवते. भरसान तर उभी नका ठेवू.”

मग त्यानं कार्बोरेटर खोलला. वाटीत हिरवट-पिवळा थर बसलेला. त्यात सुई रुतलेली, तरंगा अडकलेला. पितळेचा जेट, तुरीच्या दाण्याहून लहान. त्याचं भोक त्यानं डोळ्याला लावून आभाळाकडं पाहिलं आणि मला दाखवलं. आभाळ दिसलं नाही. मी मदत म्हणून टाचणी पुढं केली. त्यानं तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी ती खिशात ठेवली. पोलादानं पितळेचं भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. त्यानं विजेच्या वायरीतून तांब्याचा एकच तंतू ओढून काढला, तो जेटमधून नाजूकपणे ओवला, तोंडानं फुंकर मारली, पुन्हा आभाळाकडं धरला. आता मधोमध मोहरीएवढं निळं आभाळ होतं.

प्लग पॉलिश पेपरनं घासला. इंजिनाला टेकवून किक मारली, तर ठिणगी पिवळी. पॉइंट साफ केले, मग निळी आली. जमलेल्यांनी मोठ्यानं ‘आला करंट’ म्हटलं. पहिल्यापासून करंट म्हणणाऱ्यानं छाती पुढं काढली.

पंख्याचं कव्हर काढलं तर आतून सोयाबीन सांडलं. ओंजळभर नव्हे, चांगलं पायलीला लागेल एवढं. उंदरानं इंजिनाच्या हवेच्या वाटेत कोठार केलं होतं. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 च्या हंगामाला क्विंटलमागे 4892 रुपये जाहीर झाला होता आणि बाजारात तेवढा मिळत नाही म्हणून अर्ध्या वऱ्हाडानं माल घरात दाबला होता. उंदरालाही बातमी लागलेली दिसली.

टाकी गंजली होती. ती खडी घालून हलवून साफ करायची, पण ते काम उद्याचं. तोवर मिस्त्रीनं टाकीची नळी सोडली, सलाईनची रिकामी बाटली आरशाच्या दांडीला टांगली, तिच्यात पाव लीटर पेट्रोल आणि बेतानं ऑइल ओतलं आणि सलाईनचीच नळी पत्र्याच्या फटीतून आत नेऊन जोडली. थेंब थेंब पडू लागले. कोणीतरी ‘आयसीयू’ म्हणालं.

मिस्त्रीनं स्वतः किक मारली. फट्. पुन्हा मारली. फट् फट्. आणि मग त्या गल्लीत आवाज आणि धूर एकदमच आले. इतका पांढरा धूर की समोरच्या टेलरनं आत टांगलेले शर्ट उचलले. धुराच्या आतून चारी बाजूंनी ‘मी म्हटलं होतं’ असं ऐकू येत होतं. ग्रामसेवक डाव्या कलतीचं श्रेय घेत होते.

“गुरुजी, एक चक्कर मारून या. चौकापर्यंत. बंद नका करू, बंद केली तर क्लच पुन्हा चिकटन.”

मामा बसले. पहिला गिअर कचकन् पडला. सलाईन डुलत गेली आणि धूर वळणावर दिसेनासा झाला. मी मागं बसणार होतो हे त्यांच्या लक्षात नव्हतं. कागदपत्रांची मुदत हा विषयही कोणी काढला नाही.

चौक तिथून हाकेच्या अंतरावर. आमचा चहा झाला, उरलेली भजी संपली, माणसं पांगली. मामांचा फोन घरी खाटेवर होता, हे मामींनी स्वतः येऊन सांगितलं. मिस्त्री पायरीवर बसून खिळ्यानं फरशीवर काही लिहीत होता.

“बाटलीत पाव लीटर. चेतक लीटरले चाळीस धरा. दहा किलोमीटर झाले. क्लच ओढू रायला, त्याचं एक वजा. नऊ.” त्यानं खाली रेघ मारली. “नऊच्या पुढं गुरुजी नाई जाऊ शकत.”

“पण कोणत्या रस्त्याला? दिग्रसच्या, कारंजाच्या, की मंगरुळपीरच्या?”

“थे गणितात दिलेलं नाई.”

मामी म्हणाल्या, “पोहरादेवीच्या. दुसरीकडं कुठं जाणार हाय थो माणूस?”

मिस्त्रीनं मालवाहू ऑटो काढला. मी पेट्रोलची बाटली दोन्ही हातांत धरून मागं चढलो. मामींनी वर जेवणाचा डबा दिला आणि पदराची गाठ सोडून दोघांच्या एसटीचे सुटे पैसे.